सोलापूरचे वालचंद आणि कुर्ल्याची मोटार

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूरच्या कोणत्याही मोटार गॅरेजात सकाळच्या वेळी एक दृश्य हमखास दिसे. फियाट, किंवा पुढे पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली गाडी, बॉनेट उघडून उभी असे. मेस्त्री पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून त्या भोकावर अंगठा दाबून धरी आणि हाताखालचा पोऱ्या समोरून हँडल घालून इंजिन सावकाश फिरवी. आतली हवा अंगठ्याला ढकलू लागली की पिस्टन दाबाच्या फेरीत वर येत आहे, हे कळे. मग पुलीवरची खूण कव्हरवरच्या खुणेशी जुळवायची, डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून रोटर पहिल्या सिलिंडरच्या तारेकडे तोंड करून आहे ना, हे पाहायचे. एक लहानसा बल्ब दोन तारांनी पॉइंटला आणि इंजिनच्या अंगाला जोडायचा, चावी लावायची आणि डिस्ट्रिब्यूटर केसाएवढा केसाएवढा फिरवत राहायचे. पॉइंट उघडले की बल्ब पेटतो. तो जिथे पेटला, तिथेच बोल्ट आवळायचा. टायमिंग लागले!

या कामाला मोठी यंत्रसामग्री लागत नसे. लागत असे तो कान आणि सबुरी. टायमिंग लावून झाल्यावर मेस्त्री गाडी चढावर नेई आणि वरच्या गिअरमध्ये पाय दाबून इंजिनाचा आवाज ऐके. ठिणगी फार लवकर पडत असेल तर आतून खडखड ऐकू येई. फार उशिरा पडत असेल तर गाडी गळाठल्यासारखी होई, तापे आणि पेट्रोल पिई. दोन्हींच्या मधला बिंदू सापडला की मालकाला गाडी परत मिळे.

ज्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडली, त्याचा संस्थापक याच गावचा होता, हे त्या गॅरेजातल्या किती जणांच्या मनात येत असेल, कोण जाणे. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचे जनक वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात झाला. फियाट 1100 ही गाडी कुर्ल्याहून निघू लागली ती 1954 साली. वालचंद त्याच्या आदल्या वर्षीच निवर्तले होते. घराघरांत आणि टॅक्सी-तळांवर ज्या मोटारीने त्यांच्या कंपनीचे नाव नेले, ती मोटार त्यांनी पाहिलीच नाही. ती आधी का निघाली नाही, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या दोन दशकांचा आहे.

वालचंदांचे घराणे मूळचे गुजराती दिगंबर जैन. व्यापाराच्या निमित्ताने महाराष्ट्रात येऊन येथलेच झालेले. वडील हिराचंद नेमचंद हे कापसाचे आणि सावकारीचे व्यवहार सांभाळणारे; पण त्यांची खरी ओळख समाजसुधारक म्हणून. 'जैन बोधक' हे नियतकालिक त्यांनी सोलापुरातून चालवले आणि आपल्या समाजात शिक्षणाचा आग्रह धरला. वालचंदांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. आईविना वाढलेल्या या मुलाचे शालेय शिक्षण सोलापुरात झाले. पुढे मुंबईचे सेंट झेविअर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज अशी वाट धरूनही पदवी मात्र हाती लागली नाही. शिक्षण अर्धवट सोडून ते पेढीवर आले.

त्या काळचे सोलापूर झपाट्याने बदलत होते. 1860 मध्ये येथे रेल्वे आली होती. 1870 च्या दशकात मोरारजी गोकुळदास यांनी येथे कापडगिरणी उभारली, तीच पुढे सोलापूरकरांची जुनी गिरणी. गिरणीच्या भोंग्यावर गावाचे घड्याळ चालू लागले होते. अशा गावात पेढीवर बसून व्याज मोजण्यात तरुण वालचंदांचे मन रमले नाही. त्यांनी धान्याच्या व्यापारात हात घालून पाहिला, त्यात खोट आली. मग लक्ष्मण बळवंत फाटक नावाच्या, रेल्वेत कारकुनी केलेल्या गृहस्थांशी त्यांची गाठ पडली. फाटकांना रेल्वेच्या कामांची खडान्‌खडा माहिती होती, पण भांडवल नव्हते. वालचंदांकडे भांडवल उभे करण्याची ऐपत होती, पण कामाची माहिती नव्हती. दोघांनी भागी केली.

पहिले काम मिळाले ते बार्शी लाइट रेल्वेचे. अडीच फूट रुंदीच्या या चिमुकल्या गाडीचा कुर्डुवाडी ते बार्शी हा टप्पा 1897 मध्ये सुरू झाला होता. तिच्या पुढच्या, येडशी-तडवळ्याकडच्या वाढीतील मातीकामाचा ठेका फाटक-वालचंद या जोडीने घेतला. माळरानावर तंबू ठोकून, मजुरांच्या हजेऱ्या घेत, खडी आणि मुरूम मोजत वालचंद ठेकेदारी शिकले. सोलापूर जिल्ह्याच्या त्या उन्हात कोणतेही काम वेळेत पुरे करणे म्हणजे काय असते, हे ज्यांनी तो मुलूख पाहिला आहे त्यांना सांगायला नको.

तेथून पुढची चढण वेगाने झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी बांधकामांची मोठी कामे मिळाली. 1920 मध्ये टाटांच्या सहभागाने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली आणि तिच्या मार्फत बोरघाटातील रेल्वेच्या नव्या मार्गाचे आणि बोगद्यांचे काम झाले. आज पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी खंडाळ्याच्या अंधारात शिरते, तेव्हा प्रवासी त्या बोगद्यांचा कर्ता कोण, असे विचारीत नाहीत. सिंधू नदीवरील कालाबागचा पूल, मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसा जलवाहिनीचे काम, 1926 मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, हा सगळा पसारा याच दशकातला. या कामांचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. त्यातून वालचंदांची एक सवय घडली, ती मात्र नोंदवली पाहिजे. काम आधी अंगावर घ्यायचे आणि ते करण्याची साधने मग जमवायची, ही ती सवय. तिने त्यांना मोठे केले आणि तिनेच पुढे अनेकदा पेचात आणले.

जहाजांच्या धंद्यात ते शिरले तेही असेच. 1919 मध्ये दिल्लीहून मुंबईला येताना रेल्वेच्या डब्यातील सहप्रवाशाकडून त्यांना कळले, की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे 'लॉयल्टी' हे जहाज विक्रीला आहे. युद्धकाळात रुग्णालय म्हणून वापरलेले ते जुने जहाज. वालचंदांनी मुंबईला पोहोचल्यावर खरेदीचा घाट घातला. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास हे त्यांचे सहकारी. यातले नरोत्तम म्हणजे सोलापूरची जुनी गिरणी उभारणाऱ्या मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव. म्हणजे सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन या देशी जहाज कंपनीच्या मुळाशी सोलापूरचे दोन धागे होते, असे म्हणता येते. 5 एप्रिल 1919 रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाली. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

मात्र समुद्रावर इंग्रजांची मक्तेदारी होती. ब्रिटिश कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर पाडले, सिंदियाला तोटा सोसावा लागला. अखेर 1923 मध्ये जो समझोता झाला, त्याने सिंदियाला दहा वर्षे किनारपट्टीच्या व्यापारात 75 हजार टनांच्या मर्यादेत कोंडून ठेवले. वालचंदांना हा करार डाचत राहिला. परक्या राज्यात देशी उद्योगाला जगण्याची परवानगी मिळते, वाढण्याची नाही, हा धडा त्यांनी तेथे घेतला असावा. मोटारीच्या बाबतीत त्याचीच पुनरावृत्ती त्यांच्यासमोर वाढून ठेवलेली होती.

त्या वेळी हिंदुस्थानात मोटारी नव्हत्या, असे नाही. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला होता. फोर्डही येथे गाड्या जुळवीत होती. पण जुळवणे आणि बनवणे यांत अंतर आहे. पेट्यांत भरून आलेले सुटे भाग एकमेकांना जोडून, रंग देऊन बाहेर काढलेली गाडी देशी हातांनी उभी राहते खरी. तिच्या आतले ज्ञान मात्र परदेशातच राहते. मोटारीचे इंजिन म्हणजे काय, हे थोडे आकड्यांत पाहिले तर हा मुद्दा उलगडतो. मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. दांडा एक अंश फिरायला सेकंदाचा अठरा हजारावा भाग पुरतो. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पूर्ण पेटायला मात्र सेकंदाचे दोन-तीन हजारांश भाग लागतात. म्हणूनच पिस्टन वर पोहोचण्याच्या आधीच ठिणगी टाकावी लागते आणि इंजिनाचा वेग वाढेल तसतशी ती आणखी आधी आणावी लागते. सुरुवातीच्या मोटारींत हे काम चालक स्वतः करी. स्टिअरिंगजवळच्या एका दांडीने तो ठिणगी पुढे-मागे करी. पुढे डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात वेगाबरोबर बाहेर फेकली जाणारी छोटी वजने आणि स्प्रिंगा आल्या आणि चालक त्या कामातून सुटला. ती वजने, त्या स्प्रिंगा, तो कॅम, ते पॉइंट मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या अचूकतेने घडवणारी यंत्रे आणि माणसे देशात असणे, म्हणजे मोटार बनवणे. वालचंदांना हवे होते ते हे.

या ध्यासात त्यांना जोडीदार मिळाला तो सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पंचाहत्तरीच्या घरातील या अभियंत्याने 1935 मध्ये युरोप-अमेरिकेत जाऊन मोटारींचे कारखाने पाहिले आणि मुंबई इलाख्यात असा कारखाना काढण्याची तपशीलवार योजना तयार केली. मुंबईतील काही उद्योगपतींनी तीत रस दाखवला, पण अंग टाकून उतरले ते वालचंद. 1937 मध्ये मुंबईत काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि त्याने योजनेला अनुकूलता दर्शवली. 1939 मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी झाली, पण कंपनीची सूत्रे आपल्याच हाती हवीत, हा त्या बाजूचा आग्रह त्यांना मान्य होणे शक्य नव्हते. क्रायस्लरशी मात्र जमले आणि 1940 मध्ये करार झाला. तंत्रज्ञान घ्यायचे, त्याचा मोबदला द्यायचा, मालकी आपली ठेवायची, असे त्याचे स्वरूप होते.

पण तोवर महायुद्ध पेटले होते आणि मुंबईचे मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडले होते. कारखान्याची यंत्रे अमेरिकेहून आणायची तर डॉलर हवेत, जहाजात जागा हवी आणि दोन्हींसाठी सरकारची परवानगी हवी. हा युद्धोपयोगी उद्योग मानावा, ही मागणी सरकारने मान्य केली नाही. लष्कराला हजारो ट्रक लागत होते, ते बाहेरून आणले जात होते आणि देशात कारखाना काढायला तयार असलेला माणूस दिल्लीच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होता! म्हैसूर संस्थानाने आपल्याकडे कारखाना काढण्यास मदत देऊ केली, तर त्यालाही वरून आडकाठी झाली. दिवाण मिर्झा इस्माईल यांनाही या प्रकरणाचा मनस्ताप झाला.

गंमत अशी, की मोटारीसाठी केलेल्या त्याच 1939 च्या प्रवासात विमानांचा कारखाना जन्माला आला. पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या विमानात वालचंदांची विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमाने बनवण्याच्या व्यवसायात होता. उतरेपर्यंत वालचंदांच्या मनात विमानांचा कारखाना उभा राहिला होता. जहाज त्यांना रेल्वेच्या डब्यात सापडले आणि विमान विमानात! 23 डिसेंबर 1940 रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. म्हैसूर संस्थान भागीदार झाले, पुढे हिंदुस्थान सरकारही. विमाने युद्धाला उपयोगी होती, म्हणून जी परवानगी मोटारीला नाकारली गेली ती येथे मिळाली. 1941 मध्ये तेथे तयार झालेले पहिले प्रशिक्षण विमान उडाले. पण एप्रिल 1942 मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. त्याच महिन्यात जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. तेथे सिंदियाने जहाजबांधणीचे आवार उभारायला घेतले होते. 21 जून 1941 रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली होती. तेही काम रखडले. साठीला टेकलेल्या माणसाच्या आयुष्यात एकाच महिन्यात एवढे घडावे, हा योग कठीणच म्हणायचा.

वालचंद थांबले नाहीत. 1944 मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स लिमिटेडची नोंदणी झाली. युद्ध संपल्यावर यंत्रे येऊ लागली आणि मुंबईजवळ कुर्ल्याला कारखाना आकाराला आला. मार्च 1947 मध्ये तेथून पहिले वाहन बाहेर पडले. स्वातंत्र्याला अजून पाच महिने अवकाश होता. डॉज, प्लायमाउथ, डीसोटो या मोटारी आणि डॉज-फार्गोचे ट्रक कुर्ल्याला तयार होऊ लागले. करार होऊन सात वर्षे लोटली होती. या सात वर्षांत बिर्लांची हिंदुस्थान मोटर्सही उभी राहिली होती, त्यामुळे शर्यतीत आता एकटे कोणी नव्हते.

निखळ सत्य सांगायचे तर सुरुवातीच्या या गाड्या अमेरिकनच होत्या. पेट्यांत आलेल्या, कुर्ल्याला जुळवलेल्या. ज्या जुळणीवर वालचंदांचा आक्षेप होता, तीच त्यांच्या कारखान्यातही चालली होती. टीकाकारांनी हे दाखवून दिले आणि त्यात तथ्य होते. फरक पुढच्या पावलात होता. 1949 पासून कुर्ल्याला सुटे भाग बनवण्याचे काम सुरू झाले. ओतकाम, घडाई, कातकाम असे एकेक खाते उभे राहू लागले. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले, की ज्यांच्याकडे गाड्या प्रत्यक्ष बनवण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनीच या देशात राहावे. जनरल मोटर्सने शिवडीचे काम गुंडाळले, फोर्डही गेली. कुर्ला टिकले. जुळणीच्या पुढे जाण्याची जी तयारी आधीच सुरू झाली होती, तिचे फळ हे.

कुर्ल्याच्या त्या पहिल्या डॉज आणि प्लायमाउथ मोटारींत सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरचे इंजिन असे. त्याच्या ठिणग्यांचा क्रम एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. त्यांचे टायमिंग लावण्याची एक जुनी युक्ती होती. सहाव्या सिलिंडरच्या डोक्यावरचा लहान स्क्रू काढून आत तार सोडायची आणि पिस्टन सर्वांत वर कधी येतो ते तारेवरून पाहायचे. सहावा वर असतो तेव्हा पहिलाही वर असतो. इंग्रजी बनावटीच्या काही चपळ गाड्यांना दोन कार्ब्युरेटर असत आणि त्यांची कथा आणखी वेगळी. तेथे आधी टायमिंग पक्के करून मगच कार्ब्युरेटरला हात लावायचा, असा दंडक. रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे आळीपाळीने दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून हवेचा फुत्कार सारखा येतो का, ते ऐकायचे. टायमिंग चुकलेले असताना कार्ब्युरेटर जुळवायला जाणारा मेस्त्री दिवसभर स्क्रू फिरवत बसे आणि गाडी संध्याकाळीही तशीच धापा टाकी. फियाटच्या एका कार्ब्युरेटरने येथल्या मेस्त्रींना या तापातून बरेच वाचवले.

स्वातंत्र्यानंतरचे दिवस वालचंदांना समाधानाचे जायला हरकत नव्हती. 14 मार्च 1948 रोजी विशाखापट्टणमला 'जलउषा' हे जहाज पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले. नाशिक जिल्ह्यातील रावळगावच्या माळावर आणि इंदापूर तालुक्यातील कळंबजवळच्या, नीरा कालव्याच्या भागात साखर कारखाने उभे होते. कळंबच्या वसाहतीला त्यांचेच नाव मिळून ती वालचंदनगर झाली होती. व्यापारी महासंघाचे अध्यक्षपद, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची उभारणी, हे सारे मागेच होऊन गेले होते. परंतु 1949 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. 1950 मध्ये त्यांनी कामकाजातून अंग काढून घेतले. अखंड प्रवास करणारा, आगगाडीत आणि विमानात योजना आखणारा हा माणूस अंथरुणाला खिळला. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. कारभार बंधूंनी आणि सहकाऱ्यांनी सांभाळला.

1951 मध्ये कुर्ल्याला फियाटची छोटी 500 ही गाडी जुळवली जाऊ लागली, तेव्हा वालचंद आजारी होते. 1952 मध्ये विशाखापट्टणमचे जहाजबांधणीचे आवार बहुतांशी सरकारकडे गेले. विमानांचा कारखाना दहा वर्षांपूर्वीच गेला होता. त्यांच्या तीन मोठ्या स्वप्नांपैकी दोन सरकारजमा झाली, असा हिशेब कोणी मांडला तर तो चूक नाही. यात सरकारचा दोष किती आणि वालचंदांच्या पद्धतीचा किती, यावर वाद होऊ शकतो. त्यांच्या पद्धतीत धाडस मोठे आणि गाठीची शिल्लक बेताची असे. मोठ्या उद्योगाला सरकारी आश्रय लागतो, हे त्यांनी स्वतःच गृहीत धरले होते. आश्रय देणारा उद्या मालकीही मागेल, हे ओघाने आलेच. तरीही ज्या काळात परवानगीच मिळत नव्हती, त्या काळात संयमाने शिल्लक साठवत बसलेला माणूस विमान, जहाज आणि मोटार या तिन्हींपर्यंत पोहोचला असता, असे वाटत नाही.

8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे वालचंदांचे निधन झाले. 'लॉयल्टी'ने मुंबई सोडल्याला नुकतीच 34 वर्षे पूर्ण झाली होती.

पुढच्याच वर्षी फियाट 1100 आली. 1089 घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे, आटोपशीर इंजिन. ठिणग्यांचा क्रम एक, तीन, चार, दोन. अमेरिकन गाड्यांच्या तुलनेत पेट्रोल कमी लागणारी, कुटुंबाला पुरेशी, दुरुस्तीला सोपी. 1964 मध्ये तिचे 1100-डी हे रूप आले, 1972 मध्ये ती प्रीमिअर प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून प्रीमिअर पद्मिनी. मूळ इंजिनाची घडण जवळपास तीच राहिली. ही गोष्ट दोषाचीही आणि गुणाचीही. स्पर्धा नसल्यामुळे गाडी सुधारली नाही, ग्राहकाला वर्षानुवर्षे नोंदणी करून वाट पाहावी लागली, हे खरे. पण एकच यंत्र इतकी दशके टिकल्यामुळे ते लहानात लहान गावच्या मेस्त्रीच्या हातात बसले. पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी ठेवायची, हे त्याला पुस्तक न उघडता ठाऊक असे. मोजपट्टी नसली तर तो जाड कागदाची घडी घालून भागवी. पॉइंट घासले की टायमिंग सरकते, म्हणून पॉइंट आधी आणि टायमिंग नंतर, हे पोऱ्यालाही तोंडपाठ असे. उन्हाळ्यात घाट चढताना खडखड येऊ लागली, की टायमिंग थोडे मागे घेण्याचा सल्ला गावोगावी मिळे. परदेशातच राहून जाणारे जे ज्ञान वालचंदांना देशात आणायचे होते, ते कारखान्याच्या भिंतींबाहेर एवढे दूरवर झिरपेल, याचा अंदाज कदाचित त्यांनाही नसेल.

पद्मिनीचे उत्पादन 2000 च्या सुमारास थांबले. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती आणखी दोन दशके धावली आणि ऑक्टोबर 2023 अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही नियमानुसार रस्त्यावरून उतरली. नव्या मोटारींत डिस्ट्रिब्यूटर नसतो. ठिणगीची वेळ संगणक ठरवतो आणि खडखड ऐकण्यासाठी इंजिनावरच एक संवेदक बसवलेला असतो. मेस्त्रीचा अंगठा, बल्ब आणि कान यांचे काम आता हौशी मंडळींनी जपलेल्या जुन्या गाड्यांपुरते उरले आहे.

वालचंदांचे नाव मात्र सोलापूरला पुसावे लागत नाही. कला-शास्त्र महाविद्यालय आणि 1983 मध्ये सुरू झालेली तंत्रशिक्षण संस्था त्यांच्या नावाने चालतात. सांगलीत 1947 मध्ये स्थापन झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही पुढे त्यांचेच नाव मिळाले, आणि तेथील दुसरे एक महाविद्यालय कस्तुरबाईंच्या नावाने ओळखले जाते. टपाल खात्याने 2004 मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमध्ये त्यांच्या नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावर अनेक वर्षे टॅक्सी उभ्या असत, आणि त्यांतल्या बहुतेक कुर्ल्याच्या.